पोचतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न एकच असतो, ठिकाण बदलतं. एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या वास्तुशांतीला. "गुरुजी, तुम्ही मोबाइलवरून श्राद्ध सांगता ना? मग ते पोचतं का हो?" विचारणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू असतं. ज्याने स्वतःच्या बापाचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, दहा वर्षांत घातलेला नाही, तोही विचारतो. आजवर तीन-चार प्रकारची उत्तरं दिली आणि दर वेळी घरी येताना वाटलं, हे नव्हे. म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी हे वेगळं करू. 'ऑनलाइन श्राद्ध' या एका नावाखाली दोन निराळे प्रकार चालतात. एकात हात तिकडचा असतो. म्हणजे यजमान न्यू जर्सीत बसून स्वतःच्या हाताने पिंड देतो आणि मी गुहागरच्या बाजूला बसून फक्त मंत्र सांगतो. दुसऱ्यात हात इकडचा. यजमान नुसता बघतो, पिंड मी देतो. तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर यातला कोणता प्रकार असतो, हे तुम्हालाही ठाऊक नसतं.

हात तिकडचा असेल तर वेळही तिकडची. दिवसाचे पंधरा मुहूर्त, त्यातला आठवा कुतुप. श्राद्धाला बसायचं ते त्यात. सप्टेंबरात न्यू जर्सीतला कुतुप साधारण साडेबारा ते सव्वा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा ते पावणेअकरा. "रात्री श्राद्ध करतात का?" म्हणून मला हटकणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की रात्र माझी आहे, कर्त्याची नाही. तिथीचंही तेच. तिथी जगभर एकाच क्षणी लागते, पण दुपार प्रत्येकाची आपापली. समजा आपल्याकडे 10 तारखेला रात्री 9 ला अष्टमी लागली. न्यू जर्सीत तेव्हा त्याच 10 तारखेचे सकाळचे साडेअकरा वाजलेले. त्यांचा अपराह्ण, म्हणजे दुपारनंतरचा वेळ, अष्टमीत आला, त्यांचं श्राद्ध 10 ला. आपलं 11 ला. इकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिकडे श्राद्ध करणारे अर्ध्या वेळा चुकीच्या दिवशी बसतात.

आता हात तिकडे असला की काय काय बिघडतं ते सांगतो, कारण मंत्रापेक्षा माझा जास्त वेळ त्यातच जातो.

पहिलं जानवं. अपसव्य म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर. मी कॅमेऱ्यासमोर अपसव्य करतो तेव्हा माझा उजवा खांदा यजमानाला पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो. तो माझं बघून आपल्या डाव्या खांद्यावर घेतो, म्हणजे सव्यच राहतो. वर गंमत अशी की त्याची स्वतःची खिडकी त्याला आरशासारखी उलटी दिसते, त्यामुळे दोन्ही खिडक्यांत जानवं डावीकडे दिसतं आणि 'जुळलं' म्हणून तो निश्चिंत होतो. "माझं बघू नका, जेवता त्या हाताचा खांदा," असं मी म्हणतो. डावखुऱ्यांना आधी विचारून घेतो.

दुसरी दिशा. पितृकर्मात तोंड दक्षिणेला, म्हणजे फोन यजमानाच्या दक्षिणेला उभा करायचा. फोनमधलं होकायंत्र चुंबकवाल्या स्टँडवर खोटं बोलतं. त्यापेक्षा सूर्य बघावा. न्यू जर्सीत मध्यान्ही तो दक्षिणेलाच असतो, त्याच्याकडे तोंड करून बसा. सिडनीत तो उत्तरेला, तिथे पाठीवर घ्या.

तिसरा भात. परदेशात घरोघरी बासमती, आणि बासमतीचा पिंड वळत नाही; मोकळा भात हातातून सांडतो. तिकडे सुशीचा म्हणून आखूड, चिकट तांदूळ मिळतो, तो उत्तम. आपल्या कोकणातल्यांनी सुरय घ्यावा, उकडा नको. मीठ न घालता, नेहमीपेक्षा पाणी जास्त घालून शिजवायचा आणि कोमट असतानाच मळायचा. अर्धा किलो तांदळाचे लिंबाएवढे बावीस-तेवीस पिंड होतात, म्हाळाला तेवढे लागतात. तूप आणि मध बोटभरच. तूप जास्त झालं की पिंड चिरतो. तीळ काळे, आणि कच्चे. जपानी-कोरियन दुकानात मिळतात ते बहुधा भाजलेले असतात, पाकीट वाचून घ्या. दर्भ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. दर्भाला दूर्वा चालतात. अग्नौकरण, म्हणजे अग्नीत द्यायची आहुती, हातावर करायचं, पाणिहोम. ती सवलत जुनीच आहे, धुराची घंटा वाजते म्हणून मी काढलेली नाही.

चौथा आवाज, आणि याने मला सगळ्यात जास्त छळलं. या कॉलच्या यंत्रणेला माणसाचं बोलणं कळतं, एका सुरातलं पठण कळत नाही. पंख्याची घरघर समजून ती ते गिळून टाकते. झूममध्ये 'ओरिजिनल साऊंड' चालू केलं तर निभतं. शिवाय दोघं एकदम बोललो की एकाचा आवाज दाबला जातो. म्हणून मी चार अक्षरं म्हणतो नि थांबतो, यजमान म्हणतो, मग पुढची चार. दीड तासाचं काम अडीच तासांवर जातं. त्यात भाद्रपदातला पाऊस, सड्यावर कुठेतरी झाड पडून तुटलेली केबल, गेलेली लाईट. इन्व्हर्टरवर आधी राउटर, मग दिवा.

हात इकडचा असतो त्या प्रकाराबद्दल मी बोलायला कचरतो, कारण तोही मी करतो. प्रतिनिधीकरवी श्राद्ध शास्त्राला अमान्य नाही. ब्राह्मण मिळाले नाहीत तर त्यांच्या जागी दर्भाचे चट, म्हणजे जुड्या, मांडाव्यात, प्रवासात असाल तर शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरड्या शिध्याचं आमश्राद्ध करावं, या वाटा आगबोटीच्याही आधीच्या आहेत. पण प्रतिनिधीला अधिकार द्यावा लागतो. यजमानाने आपल्या तोंडाने गोत्र आणि तीन पिढ्यांची नावं उच्चारून, हातात पाणी घेऊन 'माझ्यासाठी आपण करावं' म्हणायला हवं. पैसे भरल्याची पावती म्हणजे संकल्प नव्हे. हरिहरेश्वरला समुद्राकाठच्या विष्णुपदावर पिंड द्यायचा तर आणखी एक अडचण: तिथली खडकातली वाट भरतीला बंद होते. समुद्र कुतुप ओळखत नाही. ज्या दिवशी भर दुपारी भरती असते, त्या दिवशी 'विष्णुपदावर 12 वाजता थेट प्रक्षेपण' असं कुणी कबूल करत असेल, तर तो खोटं बोलतोय किंवा कालचं चित्रण दाखवतोय.

असे आहेत. एका सेवेने मला कामं दिली होती, नाव घेत नाही. त्यांच्याकडे ब्राह्मणभोजनाच्या पानाचा फोटो एकच होता, खिरीच्या वाटीचा टवका उडालेला, आणि तो सगळ्यांना जायचा. वर्षश्राद्ध आणि महालय, म्हणजे म्हाळ, दोन्हींना ध्वनिमुद्रण एकच. अरे, श्राद्धात ज्या देवांना आवाहन करतात ते विश्वेदेव वर्षश्राद्धाचे पुरूरवार्द्रव, महालयाचे धूरिलोचन! आवाहन एकाचं आणि निमित्त दुसऱ्याचं. हे सांगितल्यावर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, कस्टमरला कळत नाही." मी ते काम सोडलं. लगेच सोडलं असं मात्र म्हणवत नाही. तो पंधरवडा संपल्यावर सोडलं.

हे सगळं तुम्हाला सांगतो तेव्हा तुम्ही माना डोलावता आणि मी जिंकल्यासारखा होतो. पण ज्या एका म्हाळामुळे हा प्रश्न मला बोचायला लागला, तो मी टाळत आलो आहे. तिथे भात बरोबर होता, जानवं बरोबर होतं, वेळ बरोबर होती.

कर्ता न्यू जर्सीत. मूळ घर चिपळूणजवळ, तिथे आता त्याचे ऐंशी ओलांडलेले काका आणि नात. त्यांनाही कॉलवर घेतलेलं. पुण्याची बहीण तिसऱ्या खिडकीत. महालयात नुसत्या तीन पिढ्या नसतात. वडिलांकडच्या, आईकडच्या पिढ्या झाल्या की काका, मामा, आत्या, मावशी, भाऊ, सासरे, गुरू, जे जे गेले त्या प्रत्येकाच्या नावाने पिंड. त्यांची यादी माझ्याकडे आली ती सेवेच्या छापील फॉर्मवरून. फॉर्ममध्ये रकाना होता 'काकांची नावे'. कर्त्याने काकांची नावं भरली. तिन्ही.

पुण्याकडे कुकरची शिट्टी झाली म्हणून कर्ता सोडून सगळ्यांचे आवाज मी बंद केले. मीच केले, हे इथे नोंदवतो. कर्त्याची खिडकी मोठी करून ठेवली, कारण पितृतीर्थावरून, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधून, पाणी पडतंय की बोटांच्या टोकांवरून, ते बघायचं होतं. वडील, आजोबा, पणजोबा झाले. आजोळ झालं. पहिले काका झाले. दुसऱ्या काकांचं गोत्र, नाव, वसुरूप, मी चार-चार अक्षरं सांगत गेलो, कर्ता म्हणत गेला. नाव उच्चारतानाही त्याला काही वाटलं नाही, कारण तो मंत्र म्हणत होता, नाव नाही. पिंड दर्भावर ठेवला गेला. वर तिलोदक.

कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या खिडकीत एक म्हातारा माणूस हात हलवत होता. मला वाटलं, नमस्कार करताहेत.

तिसऱ्या काकांच्या मध्यावर नातीने फोन लावला, कॉलवर नव्हे, साधा फोन. "आजोबांना काहीतरी बोलायचंय." मी आवाज उघडला. काका शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी अजून आहे. घाई झालेली दिसते तुम्हाला." कर्त्याच्या हातात पुढचा पिंड तसाच. बहीण रडायला लागली, तिचा आवाज अजून बंदच होता. मग काकांनीच विचारलं, "आता त्या पिंडाचं काय करणार?"

पोथीत याला उत्तर नाही. निदान मला त्या क्षणी आठवलं नाही. मी कर्त्याला आचमन करायला लावलं, विष्णुस्मरण करवलं, तो पिंड बाजूला घेतला आणि ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्यांच्यासाठीचा जो धर्मपिंड असतो, त्यात तो मिळवला. पुढे श्राद्ध पुरं झालं. काकांनी खिडकी बंद केली होती.

नंतर दोन जाणत्यांना विचारलं. एक म्हणाले, केलंस ते ठीक. दुसरे म्हणाले, संकल्पापासून परत करायला हवं होतं. म्हाळ हुकला तर सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, साधारण 16 नोव्हेंबरपर्यंत, पुन्हा घालता येतो. मी कर्त्याला तसं कळवलं. त्याने उत्तर दिलं नाही.

बरेच दिवस मी फॉर्मला शिव्या घातल्या. 'हयात' हा रकाना नाही म्हणजे काय! पण माझ्या स्वतःच्या वाडीत मला फॉर्म लागत नाही. कुठल्या घरात कोण गेलं, कोणाचं सुतक कधी फिटलं, कोणता भाऊ मुंबईला आहे आणि कोणता नाही, हे मला माहीत असतं, आधी माझ्या वडिलांना माहीत होतं, आणि त्यांच्या वहीत म्हाळाच्या याद्या आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये, टाळेबंदीमुळे पहिल्यांदा फोन समोर ठेवून बसलो तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "मंत्र कानाने घ्यायचा असतो, मध्ये तार असली तर काय बिघडलं?" मंत्राचं खरंच काही बिघडत नाही. माझं तेव्हाचं ते म्हणणं मी खोडूनही काढू शकत नाही, कारण तेव्हाची ती यजमान मंडळी सगळी माझ्याच गावची होती.

तेव्हापासून संकल्पाआधी सगळ्यांचे आवाज उघडे ठेवतो आणि पूर्ण यादी मोठ्याने वाचतो. घरातल्या सर्वांत वडील माणसाकडून प्रत्येक नावाला 'गेले' असं ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. लोकांना ते अवघड होतं. मध्येच कुणाला आत्याचं खरं नाव आठवत नाही, कुणी सांगतं ती माहेरचं लावायची, मग पाच मिनिटं त्यावर. या वाचनात वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि कुतुप असतो अठ्ठेचाळीस मिनिटांचा. लवकर बसा म्हटलं तर तिकडे त्यांची ऑफिसची मीटिंग असते. परवा यादी संपली तेव्हा कुतुप टळून सहा मिनिटं झाली होती. तरी बसवलं.