आडनाव न विचारणारा दुभाषा

अमेरिकेत आश्रयासाठी अर्ज करून मला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत माझी हकीकत तसूभरही बदलली नाही, नियम मात्र इतके बदलले की मोजायचं सोडून दिलं. सगळ्यात जास्त घाम कशाने फोडला असेल, तर दुभाष्याच्या नियमाने. पण ते नंतर.

हकीकत थोडक्यात. मी गावातल्या मोठ्या घरची, नवरा दलित. लग्न केलं आणि पुण्याला पळालो, तर भाऊ आणि मामा माग काढत तिथेही आले. २०१६च्या नोव्हेंबरात इथे पोचलो. आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, तो पुढच्या ऑक्टोबरात केला. आय-५८९ नावाचा फॉर्म, तेव्हा फुकट होता. वकीलबाई म्हणाल्या, दोन-तीन वर्षांत मुलाखतीला बोलावतील.

२०१८च्या जानेवारीत रांगच उलटी केली. नवा अर्ज आधी, जुना मागाहून. कारण असं दिलं की लोक नुसत्या वर्क परमिटसाठी अर्ज टाकतात आणि रांग लांबली की त्यांचं फावतं. असे लोक नाहीत असं मीही म्हणणार नाही. पण तिकिटाच्या खिडकीशी तुमचा नंबर यायला आणि मास्तरांनी शेवटच्या माणसापासून तिकिटं फाडायला एकच गाठ पडावी, तसं आमचं झालं. त्याच वर्षी ११ जूनला तेव्हाचे अॅटर्नी जनरल, म्हणजे इथल्या न्यायखात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स यांनी एका खटल्यात निकाल दिला आणि घरच्यांच्या किंवा टोळ्यांच्या मारहाणीवरून आश्रय मागणाऱ्यांची वाट फार अरुंद झाली. मारणारा सरकारी माणूस नाही ना, मग तुमचं सरकार त्याला पाठीशी घालत होतं किंवा अगदीच हतबल होतं हे दाखवा. बाईंनी माझा जबाब नव्याने लिहून घेतला. २०२१च्या जूनमध्ये नवे अॅटर्नी जनरल मेरिक गार्लंड यांनी तो निकाल रद्द केला. जबाब पुन्हा लिहिला. मामा तोच, त्याच्या हातातली काठी तीच, वाक्यं तेवढी दर वेळी वेगळी.

२०२४मध्ये काही अधिकाऱ्यांना सगळ्यात जुन्या फायलींवर बसवलं आणि २०२५च्या मार्चची तारीख आली. आता दुभाषा. कोविडच्या काळात, २०२०पासून, सरकार फोनवरून दुभाषा देत होतं. ती सोय सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाली. आपला दुभाषा आपण आणायचा, नाही आणला तर तुम्ही आलाच नाहीत असं धरू शकतात. तो अठराच्या वरचा हवा. तुमचा वकील चालत नाही, साक्षीदार चालत नाही, ज्याचा स्वतःचा अर्ज मुलाखतीविना पडून आहे तोही चालत नाही.

माझं इंग्रजी भाजी आणण्यापुरतं, बस पकडण्यापुरतं ठीक आहे. मामाने दारात उभं राहून काय शिव्या दिल्या ते त्यात सांगता येत नाही. म्हणजे मराठी माणूस हवा. आणि मराठी माणसाचा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा, "मूळ गाव कुठलं?" त्यानंतर मला त्याच्यासमोर तोंड उघडता येणार नाही, कारण त्याचा चुलतभाऊ माझ्या भावाला ओळखत असणार. इथल्या महाराष्ट्र मंडळात दोघांना आडून विचारलं. एक काकू म्हणाल्या, "येते की, पण नेमकं काय झालं ते आधी सांग हं." मी फोन ठेवला.

शेवटी वकीलबाईंच्या ओळखीतून एक मुलगी मिळाली. चोवीस वर्षांची, इथेच वाढलेली. तिने एवढंच विचारलं, "ताई, किती वाजता यायचं?"

मुलाखत साडेतीन तास चालली. मी शपथ घेतली, तिनेही घेतली. टेबलावरच्या फोनवर सरकारचा आणखी एक मराठी जाणणारा माणूस होता. भाषांतर बरोबर होतंय ना, एवढंच त्याने ऐकायचं. लग्नानंतर वडील काय म्हणाले, असं अधिकाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, "काही म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या नावाने अंघोळ केली."

मुलीचं मराठी घरातलं, आईकडून आलेलं. तिने शब्दाला शब्द लावून सांगितलं. अधिकाऱ्याचे हात कीबोर्डवर थांबले. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अंघोळ केली?" तिने मान हलवली, तिचे कान लाल झाले होते. तेवढ्यात दोन तास गप्प असलेला फोन खाकरला. त्या माणसाने सावकाश समजावलं की घरात कुणी गेलं की सुतक म्हणून अंघोळ करतात, बापाने जिवंत मुलीसाठी ती केली म्हणजे मुलगी त्याला मेली. अधिकाऱ्याने बराच वेळ टाईप केलं. त्या माणसाला आडनाव विचारायची मलाच इच्छा झाली होती.

मग नेहमीचा प्रश्न, एवढा मोठा देश, दुसऱ्या शहरात का नाही राहिलात? पुण्याचं सगळं सांगितलं.

निकाल टपालाने येईल म्हणाले. आला नाही. जुलै २०२५च्या कायद्याने अर्ज पडून राहील त्या दर वर्षासाठी शंभर डॉलर फी लावली. नोव्हेंबरअखेर वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या जवानांवर गोळीबार झाला आणि इमिग्रेशन खात्याने आश्रयाचे सगळे निकालच थांबवले.

वर्क परमिटची गंमत वेगळीच. २०२३मध्ये आम्ही दोघांनी नूतनीकरणाचे अर्ज एकाच दिवशी, एकाच पाकिटात घालून पाठवले. नवऱ्याचं कार्ड ऑगस्टमध्ये मंजूर झालं, मुदत दोन वर्षं. माझं ऑक्टोबरात. मधल्या सप्टेंबरात मुदत पाच वर्षांवर नेली होती, म्हणून माझं २०२८पर्यंत चालतं. त्याचा पुढचा अर्ज अजून पडून आहे. मंजूर झाला तरी डिसेंबर २०२५च्या नियमाने जास्तीत जास्त अठरा महिने. फाईल एकच, नवरा-बायको आम्ही. तो म्हणतो, "पाकिटात तुझा फॉर्म खाली होता म्हणून." मी हसते, पण त्याच्या कंपनीतली बाई दर महिन्याला कार्डाची चौकशी करते तेव्हा तो हसत नाही.

या जानेवारीत आम्ही घर बदललं. नवा पत्ता कळवायला दहा दिवस असतात. मी त्याच रात्री कळवला, आणि जुन्या घरमालकिणीकडे पन्नास डॉलर आणि आमचा नंबर ठेवून आले, चुकून तिथे पाकीट आलं तर.