काट्याची साक्ष

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे एक दुखणे गर्दीत जाणवत नाही आणि भरधाव वेगातही लपून राहते. मात्र ताशी ६० ते ७० किलोमीटर वेगाने, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय स्थिर ठेवून चाललो, की गाडी उगाचच पुढे ओढ घेते, ढिली पडते आणि पुन्हा ओढ घेते. अशा वेळी सारा दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो, आणि तो बहुधा घाईचा असतो.

त्याआधी आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या, काट्याची साक्ष काढावी. गाडीचा वेग जवळपास तोच असताना काटा दोन-तीनशे फेऱ्यांनी वरखाली होत असेल, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरमधल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलभरल्या जोडातल्या) लॉक-अप क्लचवर घ्यावा. एरवी इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते आणि त्यात थोडी घसरण होतेच. ती टाळण्यासाठी हा क्लच मध्यम वेगाला दोघांना घट्ट जोडतो. (ही युक्ती नवी नाही, १९४९ साली पॅकार्डच्या गिअरबॉक्समध्ये ती होती.) मोकळ्या रस्त्यावर डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला इतकाच स्पर्श करावा, की मागचे दिवे लागतील पण ब्रेक लागणार नाही. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने लॉक-अप सुटतो. काटा थोडा चढून स्थिरावला आणि झोके थांबले, तर संशयाला बळकटी येते.

तरीही गुन्हेगार क्लचच असेल असे नाही. तेलाचा मध्यस्थ बाजूला झाला, की थकलेल्या स्पार्क प्लगचे चुकलेले ठोकेही थेट आसनापर्यंत पोहोचतात. माझा पहिला संशय मात्र थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे थ्रॉटल (इंजिनाची हवेची झडप) किती उघडले आहे हे गाडीच्या संगणकाला सांगणाऱ्या सेन्सरवर, असतो. वर्षानुवर्षे पाय ज्या एकाच जागी विसावलेला असतो, नेमकी तिथेच त्याची आतली पट्टी झिजते; मग पाय हललेला नसताना संगणकाला तो हलल्यासारखा वाटतो, आणि तो बिचारा लॉक-अप सोडतो, लावतो, पुन्हा सोडतो. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे आणि थ्रॉटल अगदी सावकाश उघडत सेन्सरचे व्होल्टेज पाहावे; ते एकसारखे चढले पाहिजे. यासाठी जुना काट्याचा मीटर मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण क्षणभराची बुडी आकड्यांच्या मीटरवर निसटू शकते, काटा मात्र तिथे हमखास दचकतो.