आधी हात, मग अक्षरं

माझी मुलगी जन्मापासून अंध आहे. इथे अमेरिकेत तिच्या शाळेत ब्रेलचं मूल्यमापन झालं, तेव्हा अंध मुलांच्या शिक्षिका सगळ्यात जास्त वेळ तिचे हात पाहत होत्या. अक्षरं किती येतात, हे त्यांनी बरंच नंतर विचारलं.

सुरुवात वस्तूंपासून. चमचा, कुलूप, कंगवा हातात दिल्यावर मूल तो सगळीकडून चाचपतं, की एका कडेला बोट लावून सोडून देतं? दुसरा हात मदतीला येतो का? मग कागदावरच्या उठावाच्या रेषा. हा टप्पा कठीण असतो, कारण उठावाच्या चित्रात चमच्याचं वजन नसतं, गारवा नसतो, खोलगटपणाही नसतो.

नंतर ओळी. बोट हलकेच डावीकडून उजवीकडे सरकतं, की प्रत्येक अक्षरावर वरखाली घासतं? घासायची सवय लागली की वाचनाचा वेग वाढत नाही. उजवा हात ओळ संपवत असताना डावा पुढची ओळ शोधून ठेवतो का, हेही पाहतात. इंग्रजी ब्रेलमध्ये ई-आय, डी-एफ, एच-जे या जोड्या एकमेकींची आरशातली रूपं आहेत. तिथे चूक झाली तर ती नुसती 'चूक' म्हणून मोजत नाहीत. दिशेचा गोंधळ म्हणून वेगळी लिहितात. मला हे फार पटलं, कारण त्यातून पुढे काय शिकवायचं ते कळतं.

इथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात १९९७ पासून तरतूद आहे: अंध किंवा दृष्टिबाधित मुलाला ब्रेल शिकवायचंच; नको असं ठरवायचं असेल, तर आधी मूल्यमापन करायला हवं, आणि त्यात पुढे लागणाऱ्या गरजेचाही विचार हवा.

"मोबाइल वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?" हे नातेवाइकांकडून नेहमी ऐकते. ऐकून गोष्ट कळते हो, पण ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, गणिताची मांडणी बोटांखालीच कळते.

घरी आम्ही मराठीही सुरू केलंय. भारती ब्रेलचे, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीचे, ठिपके तेच सहा. 'क' म्हणजे इंग्रजी के, 'म' म्हणजे एम. इंग्रजीत नसलेली अक्षरं तेवढी नव्याने शिकावी लागतात, ओळीवर हात चालवणं नाही. तुमच्या घरी अंध मूल असेल, तर शिक्षकांना गुणांच्या आधी विचारा: त्याचे हात कसे चालतात?