नव्वदवर थांबवलं, तरी व्हिडिओ अडखळतच होता

कॉलेजात शिकणारा एक मुलगा सकाळीच माझ्याकडे कॉम्प्युटर घेऊन आला. जीटीए फाइव्ह खेळताना मराठीत बोलत व्हिडिओ बनवतो. नुसता खेळला तर ११० ते १२० एफपीएस (सेकंदाला तेवढे फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळतात, रेकॉर्डिंग चालू केलं की ७० वर येतात, आणि एवढं होऊन तयार झालेली फाइलही अडखळते, अशी तक्रार. "दादा, ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल का?" हा त्याचा पहिला प्रश्न. आत रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० आणि १६ जीबी रॅम. १०८० पी ला हे भरपूर आहे, बदलायचं काही नव्हतं.

या तक्रारीत दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली असतात. खेळातले फ्रेम कमी होणं वेगळं आणि फाइलमधले फ्रेम गळणं वेगळं. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधली स्टॅट्सची खिडकी उघडून ठेवायची. रेंडरिंग लॅगचा आकडा चढत असेल तर ग्राफिक्स कार्डाला चित्र जुळवायला सवड मिळत नाहीये. एन्कोडिंग लॅगचा चढत असेल तर एन्कोडर, म्हणजे चित्रं दाबून फाइलमध्ये बसवणारा, मागे पडतोय. तिसरा, ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा नेटवर्कचा असतो. लाइव्ह चालू नसेल तर त्याच्याकडे बघायचंही कारण नाही.

पाच मिनिटं रेकॉर्ड केलं. ६० एफपीएसने १८,००० फ्रेम व्हायला हवेत, त्यातले अडीच हजारांवर एन्कोडिंग लॅगमध्ये गेले. सेटिंग उघडलं तर एन्कोडर एक्स२६४, म्हणजे सीपीयूवर चालणारा, प्रीसेट मीडियम. सीपीयूवर केलेलं एन्कोडिंग चांगलं दिसतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. लाइव्हला बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, हात राखून वापरावा लागतो, तिथे त्यात तथ्य आहे. पण स्वतःच्या डिस्कवर रेकॉर्ड करताना बिटरेटची काटकसर कशासाठी? त्यापायी खेळाला लागणारे कोर एन्कोडर खाऊन टाकत होता. त्याऐवजी ग्राफिक्स कार्डातलं एनव्हीएन्क निवडलं, रेट कंट्रोल सीक्यूपी (यात बिटरेट नाही, दर्जा ठरवायचा), आकडा २०, प्रीसेट पी५. लुक-अहेड आणि सायकोव्हिज्युअल ट्यूनिंग दोन्ही बंद केलं, कारण ते काम एन्कोडरच्या भागात होत नाही, कार्डाच्या कुडा कोरवर, म्हणजे हिशोब करणाऱ्या सर्वसाधारण भागावर होतं आणि तो भार खेळाच्या वाट्यातून जातो.

खेळ १०४ वर आला, एन्कोडिंग लॅग शून्य झाला. फाइल मात्र अडखळतच होती. आता रेंडरिंग लॅगमध्ये १,६०० फ्रेम गेले होते.

इथे बहुतेकांची गल्लत होते. एनव्हीएन्क हा कार्डावरचा स्वतंत्र भाग आहे, टास्क मॅनेजरमध्ये व्हिडिओ एन्कोडचा आलेखही वेगळा दिसतो. पण एन्कोडरकडे जाण्याआधी ओबीएस खेळाचं चित्र, वेबकॅम आणि वरची अक्षरं जुळवतं, आणि ते काम खेळाच्याच ३डी भागावर होतं. तो भाग ९९ टक्क्यांवर होता. सीनमध्ये नुसता खेळ उचलणाऱ्या गेम कॅप्चरच्या खाली अख्खी स्क्रीन उचलणारं डिस्प्ले कॅप्चरही चालूच राहिलं होतं. ते काढलं, प्रिव्ह्यू बंद केला, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं. असं उघडल्यावर विंडोज कार्डावर ओबीएसला आधी जागा देतं. गळती १,६०० वरून ६०० वर आली. पूर्ण थांबवायची तर खेळालाच लगाम घालायला हवा होता. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये या खेळापुरता मॅक्स फ्रेम रेट ९० केला. कार्ड ८० टक्क्यांवर उतरलं, गळती शून्य.

मुलाने फाइल बघितली आणि म्हणाला, "अजून काहीतरी होतंय." त्याचं म्हणणं बरोबर होतं. फाइल एडिटरमध्ये घेऊन एकेक फ्रेम पुढे सरकवली. गाडी एकाच वेगात चाललेली, पण रस्त्याकडेचा दिव्याचा खांब एकदा थोडा सरकायचा, एकदा त्याच्या दुप्पट. खेळ दर ११.१ मिलिसेकंदांनी नवं चित्र काढतोय, ओबीएस दर १६.७ ला उचलतंय. हाती येणाऱ्या चित्रांमधलं अंतर आलटूनपालटून ११ आणि २२ मिलिसेकंद होतं. एकही फ्रेम न गळता व्हिडिओ खडबडीत दिसतो तो यामुळे. मर्यादा ६० च्या पटीत हवी, ६० किंवा १२०.

त्याला १२० हवे होते. चित्रातल्या कडा गुळगुळीत करणारं जड एमएसएए ४एक्स बंद करून हलकं एफएक्सएए लावलं, गवत अल्ट्रावरून हायवर आणलं. १२० ला कार्ड ८५ टक्क्यांत बसलं. तरीही गर्दीच्या चौकात आकडा ९५ पर्यंत पडायचा, आणि त्या वेळी कार्डावर भार उलट कमी दिसायचा. म्हणजे अडतंय ते सीपीयूच्या बाजूला. बाजूची पट्टी उघडली तर ८ जीबीच्या दोन्ही रॅम स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये, सीपीयूकडून पहिल्या आणि दुसऱ्या. अशाने रॅम सिंगल चॅनेलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने चालते. दुसऱ्या आणि चौथ्यात बसवल्या. स्टिकवर ३२०० छापलेलं, टास्क मॅनेजर मात्र २६६६ दाखवत होता. बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं. त्याच चौकात आकडा ११५ च्या खाली गेला नाही. असे नेमके सापडणारे दोष मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण ते न शोधता पुष्कळजण नवं कार्ड घेऊन मोकळे होतात.

शेवटचा बदल डिस्कचा. खेळ आणि रेकॉर्डिंग एकाच हार्ड डिस्कवर होतं. रेकॉर्डिंगचा बिटरेट साधारण ५० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वासहा मेगाबाइट, तेवढं लिहायला हार्ड डिस्क सहज पुरते. पण गाडी पळते तसा खेळ नवे रस्ते, इमारती डिस्कवरून उचलत राहतो आणि डिस्कचं हेड दोन ठिकाणी धावत बसतं. खेळ एसएसडीवर हलवला, रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवरच ठेवलं.

अर्ध्या तासाच्या चाचणीत १,०८,००० फ्रेमपैकी ११ गळले, फाइल साधारण ११ जीबी. फॉरमॅट एमकेव्ही ठेवला, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तोवरचं वाचतं. एडिटरसाठी ओबीएसमध्येच रीमक्स करून, म्हणजे नुसता फॉरमॅट बदलून, एमपी४ करता येतं, पुन्हा एन्कोड होत नाही. जाताना कागदावर दोन गोष्टी लिहून दिल्या: ड्रायव्हर क्लीन इन्स्टॉल केला की मॅक्स फ्रेम रेट पुन्हा १२० करायचा, आणि बायॉस रीसेट झालं की एक्सएमपी पुन्हा चालू करायचं.