पॅनडॉक, लुआ फिल्टर आणि भजनाची वही : काम कुठवर आलं

भजनी मंडळाची वही मार्कडाऊनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा करून लिहायची पद्धत) उतरवून, पॅनडॉक या फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या प्रोग्रामने एकाच फाइलमधून छपाईसाठी वर्ड आणि मोबाइलसाठी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) काढायचं, हे काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. टाइप करणाऱ्यांची सवय अशी, की कडव्याच्या शेवटी सरळ ||1|| ठोकायचं. छापताना तिथे ॥१॥ हवं.

नुसतं शोधा-बदला केलं तर चालींच्या रेकॉर्डिंगचे दुवे मोडतात, कारण त्यांच्या पत्त्यांतही अंक असतात. म्हणून लुआ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेत फिल्टर लिहिला, म्हणजे रूपांतराच्या मधे मजकूर बदलणारा कोड. पॅनडॉक आधी सगळ्या मजकुराचं झाड करतो, म्हणजे फांद्याफांद्यांची रचना. त्यात दिसणारा शब्द म्हणजे 'स्ट्र', आणि दुव्याचा पत्ता वेगळ्या खणात. लुआचं फंक्शन फक्त 'स्ट्र'वर लावलं की पत्ता सुखरूप. पत्ता जसाच्या तसा मजकुरात दिसत असेल तर मात्र तो आतून 'स्ट्र'च असतो. तिथे झाड वरून खाली चालायला सांगून 'लिंक'च्या, म्हणजे दुव्याच्या खणाच्या, आत शिरणंच बंद केलं. २.० आवृत्तीपासून लुआ पॅनडॉकच्या पोटातच आहे, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही. मंडळातल्या जुन्या लॅपटॉपवर हीच मोठी सोय.

रेजेक्सची (मजकूर शोधायच्या नमुन्यांची नेहमीची पद्धत, त्यात उभी रेघ म्हणजे 'किंवा') सवय असलेल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लुआच्या पॅटर्नमध्ये उभ्या रेघेला काही खास अर्थ नाही, ती नुसती रेघ. आणि लुआ अक्षरं मोजत नाही, बाइट (साठवणीचं छोटं एकक) मोजते. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशोबात ते १० कोडपॉइंट (काना, मात्रा, हलंत धरून प्रत्येक चिन्हाचा एक क्रमांक), आणि लुआच्या साध्या लांबीत ३०! म्हणून चौकटी कंसात ('यांपैकी कोणतंही एक' असा त्याचा अर्थ) । आणि ॥ एकत्र लिहून शोधू नका. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, त्यामुळे तो कंस अख्ख्या मजकुरालाच जुळतो. दोन्ही चिन्हं वेगवेगळ्या ओळींत बदलली की प्रश्न मिटतो.

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ॥१॥ एकटंच खालच्या ओळीत पडायचं. ओळीतले शब्द आणि जागा एकत्र हाती देणाऱ्या 'इनलाइन्स' फंक्शनमध्ये पुढचा शब्द ॥ने सुरू होतो का ते बघून आधीची जागा न तुटणारी केली. छान दिसतंय.

फिल्टर मेटाडेटावरही (शीर्षक, तारीख अशी पुस्तकाची माहिती) चालतो, हे सहसा कुणी सांगत नाही. शीर्षकाचे अंक मराठी झाले तर उत्तमच, पण ईपबची तारीख 2024-05-01 अशीच राहायला हवी. म्हणून आता सगळा फिल्टर 'पॅनडॉक' फंक्शनमधून फक्त मुख्य मजकुरावर, म्हणजे 'ब्लॉक्स'वर फिरवतो. शीर्षक हातानेच मराठी अंकांत लिहितो. एका ओळीसाठी डोकं कशाला लावायचं?

उरलीय ती पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची. बाइटक्रमाने लावलं तर 'ळ' 'व'च्या आधी येतो आणि 'क्ष' जाऊन बसतो 'क'मध्ये. आपल्याकडे ळ, क्ष, ज्ञ हे 'ह'नंतर. त्यासाठी प्रत्येक पहिल्या चरणाची वेगळी क्रमकिल्ली (क्रम लावण्यापुरतं त्याचं बदललेलं रूप) बनवणारं फंक्शन लिहायला घेतलंय. अनुस्वार कुठे धरायचा यावर मंडळात दोन मतं आहेत. कुणी आधीच असं काही केलं असेल तर पाठवा, आयतं मिळालं तर हवंच आहे.