अडेनियम आणि बोगनवेल, एकाच ग्रीलमध्ये: पावसाळा ते जानेवारी अपडेट

आधी सध्याची स्थिती सांगते. बोगनवेल ग्रीलबाहेर नुसती गुलाबी झालीये, पान शोधावं लागतंय, आणि तिच्या शेजारचं अडेनियम (ते जाड बुंध्याचं डेझर्ट रोज) अर्धं बोडकं, फांद्यांच्या टोकाला चार-चार पानं धरून बसलंय. घरी आलेला प्रत्येक जण विचारतो की हे गेलं का? गेलं नाहीये हो. दोघंही मजेत आहेत, जानेवारीत दोघांनी असंच दिसायचं असतं.

नवीन लोकांसाठी: घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला फ्लॅट, हॉलची खिडकी पश्चिमेला, दुपारी एकनंतर जे ऊन येतं ते पार मावळेपर्यंत. दोन्ही झाडांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतंच, त्याहून कमी मिळालं की पानं येतात आणि फुलं रुसतात, त्यामुळे जागा एकदम मस्त. फक्त हीच बाजू पावसाळ्यात झोडपून निघते. वारा नैऋत्येचा, पाऊस तिरका, आणि ठाण्यात चार महिन्यांत साधारण २५०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. म्हणजे मे महिन्यापर्यंत जी जागा दोघांना सारखीच मानवते, तिथे जूनमध्ये दोघांचे रस्ते वेगळे होतात.

नर्सरीत मात्र दोघांबद्दल एकच वाक्य ऐकवतात, ‘ऊन भरपूर, पाणी कमी’. आणि मला आज मुख्य सांगायचंय ते हेच की हे ‘पाणी कमी’ दोघांच्या बाबतीत वेगवेगळ्या महिन्यांत असतं, आणि कारणंही वेगळी आहेत. अडेनियम मूळचं पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानकडचं, बुंध्यात पाणी साठवून ठेवतं, म्हणून पाणी नाही मिळालं तर ते मरत नाही, गप्प बसतं. पण गप्प बसलेलं झाड फुलत पण नाही! फुलं हवी असतील तर मार्च ते मे त्याला व्यवस्थित पाणी लागतं, आमच्याकडे त्या उन्हात मी जवळजवळ रोज घालते, खत पण तेव्हाच. बोगनवेलीचं बरोब्बर उलटं. ती ब्राझीलकडची, साठवण वगैरे काही नाही, पण तिला जरा तहान लागली की फुलायचं सुचतं, आणि लाडाने रोज पाणी घातलं की नुसते लांबलचक हिरवे दांडके सोडत बसते. म्हणजे भर उन्हाळ्यात अडेनियमला प्यायला द्यायचं आणि बोगनवेलीला ऑक्टोबरनंतर तरसवायचं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

आता पावसाळा. बोगनवेल बाहेरच ठेवली, खालची प्लेट काढून टाकली आणि कुंडीची भोकं मोकळी आहेत ना ते बघितलं, बास. पानांवर तपकिरी ठिपके पडले, बरीच पानं गळली, पण ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर नवीन पालवी स्वच्छ आली, त्यामुळे मी फवारणीच्या भानगडीत पडले नाही. अडेनियम पहिल्या सरीलाच आत. आत म्हणजे हॉलमध्ये नाही हं, तिथे उजेड पुरत नाही, ग्रीलच्याच आतल्या कडेला, वर पॉलीकार्बोनेट शीटचा तुकडा बांधून. पाणी फक्त कुंडीतलं मातीचं मिक्स वरून खोलवर कोरडं झालं तरच, आणि सलग ढगाळ असेल तर तेही नाही.

बुंधा दाबून बघायची सवय लावून घ्या. पण मऊ लागला की लगेच घाबरू नका, कारण तहानेने पण मऊ होतो. तहानेचा मऊपणा सगळीकडे सारखा असतो, साल जरा सुरकुतलेली दिसते आणि पाणी मिळालं की परत टणक. कुजण्याचा मऊपणा एकाच जागी, बहुतेक मातीच्या रेषेजवळ, बोट आत जातं, रंग तपकिरी आणि वास येतो. असं झालं तर झाड उपटायचं, धारदार सुरीने पांढरा स्वच्छ गर दिसेपर्यंत कापत जायचं, बुरशीनाशक पावडर लावायची आणि सावलीत वाळू द्यायचं. घाईने परत मातीत लावलं तर सगळी मेहनत वाया. आणि ग्लोव्हज घालाच, तो पांढरा चीक विषारी असतो, आफ्रिकेत त्याचं बाणाला लावायचं विष करायचे! घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर.

अजून एक पावसाळी पाहुणा म्हणजे ती जाडजूड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली. हॉक मॉथची आहे. कण्हेर, तगर, सदाफुली, अडेनियम ही सगळी एकाच कुळातली, त्यामुळे तिला सगळंच गोड लागतं. एका रात्रीत फांदी साफ करते. पानं दिसेनाशी झाली आणि खाली काळ्या मिरीसारखी विष्ठा पडलेली दिसली की ही आलीये समजायचं. मी मारत नाही, चिमट्याने उचलून तगरीवर सोडते, पुढे तिचा मस्त हिरवा-गुलाबी पतंग होतो.

मातीबद्दल पटकन. अडेनियमला सिंडर (जळक्या कोळशाची खडी), बारीक वीट आणि थोडंसं गांडूळखत, पाणी घातलं की धो-धो खालून बाहेर आलं पाहिजे. नर्सरीची चिकट लाल माती मी पूर्ण धुऊन काढते, पण ते काम फेब्रुवारी-मार्चमध्येच, पावसात अजिबात नाही. बोगनवेलीला साधी बागेची माती, थोडी वाळू, थोडं शेणखत चालतं, फक्त तिची मुळं नाजूक असतात, कुंडी बदलताना गड्डा फोडायचा नाही. आणि मोठी कुंडी देऊन लाड करायचे नाहीत, मुळं जरा आवळलेली असली की जास्त फुलते.

बोगनवेलीचा यंदाचा क्रम असा: पाऊस थांबल्यावर कडक छाटणी, नवीन फुटवे वीतभर होईपर्यंत नॉर्मल पाणी, मग पाणी तोडलं. पानं माना टाकेपर्यंत थांबायचं, मग भरपूर एकदा घालायचं, परत थांबायचं. नायट्रोजनवालं खत बंद, फक्त पोटॅश. दिवस लहान होत जातात त्याचीही मदत होते. रंग दिसायला लागला की मात्र तरसवणं बंद, नाहीतर आलेलं सगळं गळून पडतं. तसं ते रंगीत म्हणजे फूल नाहीच, ती रंगीत पानं, खरं फूल म्हणजे मधली ती बारीक पांढरी नळी. माझी महारा नावाची डबलवाली जात आहे, झुपके भरगच्च येतात पण वाळल्यावर पडत नाहीत, तपकिरी होऊन लटकत राहतात, हाताने काढत बसावं लागतं. सिंगलवाल्या आपोआप झडतात, फक्त खालच्या मजल्यावरचे काका रोज वर बघतात.

काट्यांवरून घरात अजून कुरबुर आहेच, सासूबाईंचं म्हणणं काटेरी झाड दारात नको. खिडकी म्हणजे दार नाही, यावर सध्या तह झालाय.

अडेनियमला आता आठवड्यातून एकदा, तेही हातभर विचार करून पाणी. पानगळ होऊ दे, आपल्याकडे थंडी ती काय, बुंधा टणक आहे ना मग झालं. फेब्रुवारीच्या शेवटी छाटणी करणार, कारण फुलं नव्या फुटव्याच्या टोकालाच येतात, जितकी टोकं तितके गुच्छ. माझं कलमी आहे, त्यामुळे कलमाच्या जोडाखालून काही फुटलं की लगेच खुडायचं, नाहीतर ते साधं गुलाबी वर चढून बसतं आणि आपलं गडद लाल डबल मागे पडतं.

राणीबागेच्या प्रदर्शनाला जायचा विचार आहे, थिम्मा नावाची बोगनवेल मिळाली तर हवीये, ती पांढरी आणि गुलाबी एकाच वेलीवर येणारी, पानं पण पिवळट-हिरवी. ग्रीलमध्ये जागा मात्र उरली नाहीये. नवरा म्हणतो तगर खाली सोसायटीच्या बागेत देऊन टाक. मग जुलैत त्या अळ्या काय हॉलमध्ये पाळू?