आईचा इको

आज आईचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढलाय, हे ऐकून पोटात गोळाच आला. बीपीची गोळी तर ती रोज वेळेवर घेते! पण हाताला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं: डावी बाजू दमली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, तिथला दाब चढतो आणि उजव्या बाजूवर भार येतो. म्हणून इलाज मुख्यतः हृदयाचाच. लघवीची गोळी, मीठ कमी, रोज सकाळी वजन. 3 दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं तर लगेच फोन करायचा.

गेले कित्येक दिवस तिला झोपताना दोन-तीन उशा लागत होत्या. आडवं झाल्यावर दम लागणं हे याचंच लक्षण, पण आम्ही वयावर ढकललं. ते फार लागलंय मनाला.

संध्याकाळी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.